देवाच्या मुठीचा डबा

मी तांदळाचा डबा बोलतोय. तेलाच्या जुन्या पत्र्यातून मला घडवलं आणि मिझो डोंगरातल्या एका चुलीशेजारी ठेवलं. सकाळी दरी धुक्यानं भरायची, पलीकडची घरं त्यावर तरंगायची. तेव्हा मलाही वाटायचं, आपण एक होडीच आहोत.

भात शिजवण्याआधी घरची आई तांदळातली एक मूठ माझ्यात टाकायची. ती देवाची मूठ. दाण्यांची सरसर ऐकत मी स्वप्नं बघायचो: या मुठीच्या बळावर कुणीतरी येशूची सुवार्ता घेऊन त्या धुक्यापलीकडे जाईल.

पण दर आठवड्याला चर्चच्या मंडळीतल्या बायका घरोघरचे डबे विक्रीसाठी एकाच पोत्यात रिते करत. चिकट, मोकळा, जुना, नवा, सगळा तांदूळ एकत्र. "देवाला सगळे सारखे," मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, पु ह्रांगवेला म्हणत. थोरांना इकडे 'पु' म्हणतात. असला मिसळीचा तांदूळ चुलीसाठी कोण घेणार? तो मातीमोल भावात डुकरांच्या खाद्याला जाई.

घरची लेक झोदिनपुई ऐझॉलला व्यापार शिकली, तिथल्या धान्याच्या दुकानाचा कारभार पाहू लागली. एक दिवस ती परतली ती हट्ट घेऊनच. "मला सुवार्तेच्या कामाला पाठवा."

पु ह्रांगवेला हसले. "आधी दुकानदारी विसर, पोरी. तागडीचे हात बायबलला चालत नाहीत."

"आणि देवाच्या मुठीवर डुकरं पोसलेली चालतात, पु?"

"जीभ बघा हिची!"

"जीभ नका बघू. भात बघा."

रविवारी उपासनेनंतर तिनं त्याच पोत्यातला तांदूळ शिजवला आणि मंडळीच्या सगळ्या वडिलांना वाढला.

"अगं, दात पाडतेस का? हा दाणा कच्चा, हा लगदा!" त्यांतला एक जण ओरडला.

"देवाला सगळे सारखे ना? वाढू अजून?"

तोंडाला लावायला पदर नव्हता, म्हणून बायका ओंजळीत तोंड लपवून हसल्या. देवाचा भात टाकायचा नसतो, म्हणून पु ह्रांगवेलांनी मात्र ताट चाटून पुसून संपवलं. मग हळूच म्हणाले, "सांग, दुकानदारीणबाई. कसं करायचं?"

दुसऱ्याच आठवड्यात तांदळाच्या जातीप्रमाणे डब्यांवर रंगाचे पट्टे आले. माझ्या वाट्याला लाल. पोती वेगळी झाली आणि गावचा तांदूळ माणसांच्या ताटात जाऊ लागला. त्याच्याच पैशांवर मंडळीनं झोदिनपुईला पाठवलं. निरोप देताना पु ह्रांगवेला पुटपुटले, "तागडीही ने."

तिनं मलाही नेलं. आता आम्ही धुक्यापलीकडच्या गावात आहोत. रविवारी ती वचन सांगते. इतर दिवशी आलं पिकवणाऱ्यांना एकत्र बसवून त्यांचा माल तोलते. माझं झाकण चेपलंय, लाल पट्टा उडालाय.

मूठ टाकणाऱ्यांनो, डोळे मिटून प्रार्थना जरूर करा. पण नंतर ते उघडा आणि आपली मूठ कुठं जाते ते बघा. माझ्या तळाशी अजून थोडे दाणे आहेत. धुकं दाटलं की ते सरसरतात, आणि मी पुन्हा होडी होतो.