साजूक तुपातली टेरियर

फिंटनसाहेब गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आयर्लंडला निघाले तेव्हा मस्कतच्या वादी अदाईतल्या सबनिसांच्या इमारतीखाली त्यांची गाडी उभी राहिली आणि मागच्या दारातून त्यांची कुत्री नेली उतरली. आधी नाक उतरलं, मग मिशा, मग बाकीची नेली. रंग वाळूचा, केस नारळाच्या काथ्यासारखे राठ, कान अर्धे दुमडलेले, आणि नाकावर एक जुना पांढरा व्रण. कल्पना सबनीस जिन्यात उभी होती. तिचा मुलगा सलील शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात हाका मारण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. नवरा होता, पण नवऱ्याला हाक मारली की तो "काय?" एवढंच म्हणतो. नेली मात्र हाक मारण्याआधीच चारही पायांनी आली.

फिंटनसाहेब म्हणजे कल्पनाच्या नवऱ्याचे, प्रतापचे साहेब. रस्ते बांधणाऱ्या कंपनीतला मोठा माणूस, बोलणं कमी आणि भुवया फार. त्यांनी नेलीला उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पुढच्या पायांच्या मागे दोन्ही हात घातले आणि तिची छाती ओंजळीत धरली. वर अंगठे भेटले, खाली बोटं भेटली.

"हे बघा मिसेस सबनीस. आमच्याकडे टेरियर पारखायची रीत ही. कोल्हा बिळात शिरतो, त्याच्या मागे हिनं शिरायचं. छाती हातात मावली तर बिळात मावणार. नाही मावली तर ती टेरियर नाही, सोफ्यावरची उशी."

त्यांच्या गावी म्हणे उन्हाळ्यात एखाद्या शेतात जत्रा भरते. गवताच्या पेंढ्या बांधायच्या दोरीला टेरियर बांधून लोक येतात, पाऊस आला तरी हलत नाहीत. नाकावर व्रण असेल तर तो दागिना. अंग फार स्वच्छ असेल तर परीक्षक संशयानं बघतो, हिनं कधी कामच केलं नसावं म्हणून. तशीच एक लहानशी जत्रा मस्कतमधली आयरिश मंडळी दर फेब्रुवारीत सीबच्या एका खजुराच्या बागेत भरवतात. ऑपरेशन उरकून साहेब नेमके त्याच दिवशी परतणार होते.

"माझ्या वडिलांनी जपलेली ही जात," ते म्हणाले. "मार्चअखेर मी कायमचा घरी जातोय. जत्रेत नेली पसंत पडली तर बरोबर नेणार, तिच्या पोटी वंश पुढे चालेल. नाही पडली तर तुमच्याकडेच राहू दे. बिनकामाची कुत्री विमानातून नेऊन काय करायचं?"

प्रतापनं मान डोलावली. कल्पनानंही डोलावली, पण तिची मान शेवटच्या वाक्यावर डोलली होती.

पहिले काही दिवस ती नियमानं वागली. साहेबांनी ठेवलेला कोरडा खुराक वाटीनं मोजून घालायची. नेली तो खायची, आणि मग प्रतापच्या ताटातल्या पोळीकडे असं बघायची की प्रताप पाठ फिरवून जेवायचा. एका दुपारी कल्पनानं पोळीच्या कडेला तूप लावून एक तुकडा पुढे केला. नेलीनं तो इतक्या अदबीनं घेतला, जणू देवळातला प्रसाद. खलास. त्या दिवसापासून पोळ्या लाटताना कल्पनाच्या तोंडात आजोळची चाल आली, शब्द मात्र जागच्या जागी जुळत गेले:

लाडकी माझी नेली,
तिचे कान गं दुमडके,
पोळीच्या वासासंगं
माझ्या पदराशी धडके.

खालच्या मजल्यावर गुलबानू राहायची. मूळची श्रीवर्धनची, नवऱ्याचं हमरियात किराणा दुकान. "आमच्यात कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायला लागतं, त्यातलं एकदा मातीनं," हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. म्हणून ती नेहमी चार पायऱ्या खाली उभी राहून बोलायची. पण बोलायची मनापासून.

"काय गो कल्पना, हाडं दिसतात हिची. साहेबानं खायाला घातलं नाय काय?"

"बारीकच असावी लागते म्हणे. छाती हातात मावली पाहिजे."

"आणि नाय मावली तर?"

"तर इथेच राहणार."

गुलबानूनं डोळे बारीक केले.

"मंग मावायला कशाला पायजे?" ती म्हणाली. संध्याकाळी पायरीवर एक झाकलेलं भांडं आलं. आत बकऱ्याच्या नळ्या होत्या, उकडून गार केलेल्या, वर चरबीची साय.

एवढं ठरलं की मग हात थांबत नाही. सकाळी साय-भात, दुपारी तूप-पोळी, चारला दोघींचा शिरा: एक बशी कल्पनाची, एक नेलीची, आणि नेलीच्या बशीत काजू जास्त. रात्री गुलबानूच्या नळ्या. दूध ओमानचं, साय घरची, तूप मंद आचेवर कढवलेलं. त्या वासानं वरच्या मजल्यावरचे मल्याळी बॅचलरसुद्धा दाराशी येऊन जायचे.

प्रतापच्या लक्षात यायला वेळ लागला. नवऱ्यांच्या लक्षात घरातली जाड होणारी माणसं उशिराच येतात. एक दिवस नेली त्याच्या पायावर बसली आणि पायाला मुंग्या आल्या.

"अगं, ही जड झालीय."

"हिवाळ्याचे केस आहेत."

"मस्कतमध्ये कसला हिवाळा? कल्पना, साहेब माझं प्रमोशन लिहिणार आहेत. त्यांना मी काय दाखवू, हा ढोल?"

दुसऱ्या दिवसापासून प्रताप पहाटे नेलीला घेऊन वादीच्या कोरड्या पात्रात पळायला लागला. दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटांच्या रंगाचे उघडे डोंगर, मधे पांढरे गोटे, आणि त्यांतून पळणारा एक मध्यमवयीन पुणेकर. नेली थोडी पळायची, मग एखाद्या बाभळीच्या सावलीत बसून तो परत येण्याची वाट बघायची. घरी आल्यावर कल्पना म्हणायची, "दमली गं माझी बाई," आणि डबल साय वाढायची. असं करत प्रतापचा पट्टा दोन भोकं आत गेला. नेलीचा दोन भोकं बाहेर आला.

"अहो, तुम्ही छान दिसायला लागलात," कल्पना म्हणाली.

"मला कोण बिळात पाठवणार आहे?" प्रताप म्हणाला.

जत्रेचा शुक्रवार उजाडला. नेली हरावी अशी कल्पनाची इच्छा होती, पण ती गबाळी दिसावी अशी मुळीच नव्हती. तिनं नेलीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, केस विंचरून एका बाजूला बसवले, आणि निघताना हात आपोआप निरांजनाकडे गेला. ओवाळून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण जिंकायला पाठवताना करतात ते केलं. तिनं घाईनं निरांजन देव्हाऱ्यात परत ठेवलं.

सीबच्या बागेत खजुरांच्या सावल्या अंथरल्या होत्या. घडीच्या टेबलांवर चहा, केक. उन्हात लोकरीच्या टोप्या घातलेले लालबुंद पुरुष, त्यांच्या हातात दोऱ्या, दोऱ्यांना राकट, चिखल माखलेली कुत्री. त्यांच्यामधे नेली उतरली आणि शिकेकाईचा वास दरवळला. फिंटनसाहेब काठी टेकत आले. नेली त्यांच्याकडे धावली, म्हणजे डुलत गेली. साहेबांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

"प्रताप," ते म्हणाले, "ही माझीच ना?"

"येस सर," प्रताप म्हणाला, आणि घाईनं जोडलं, "इन्शाल्ला."

परीक्षक होती नोरा नावाची उंच, म्हातारी बाई, रुवीच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. प्रत्येक कुत्र्यापुढे ती गुडघ्यावर बसायची, दात बघायची, पाय बघायची, शेवटी दोन्ही हातांनी छाती धरायची. नेलीपाशी आली तेव्हा आधी तिनं विंचरलेले केस उलटे फिरवून विस्कटून टाकले. मग हात छातीभोवती गेले. वर अंगठे भेटले. खाली बोटं एकमेकांना शोधत राहिली आणि मधे नेलीच नेली.

"फिंटन," नोरा मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या बापाची कुत्री बिळात शिरायची. ही बिळाचं झाकण होईल."

सगळी बाग हसली. नेलीला वाटलं आपलं कौतुक चाललंय. तिनं शेपूट हलवलं, त्याच्याबरोबर मागचं सगळं अंग हललं, आणि लोक आणखी हसले.

कल्पनाच्या मनासारखं झालं होतं. नेली हरली, म्हणजे नेली घरची झाली. आता फक्त गप्प उभं राहायचं होतं. प्रतापनंही तिच्याकडे बघितलं, त्या नजरेत राग होता आणि थोडं अभिनंदनही होतं.

पण फिंटनसाहेब हसत नव्हते. ते वाकून नेलीच्या पाठीवर हात फिरवत होते. "हाडच मोठं निघालं," ते नोराला म्हणाले, "वडिलांनी इतकी वर्षं जपलं आणि माझ्या हातात येऊन बिघडलं." मागून कोणीतरी विचारलं, "किती पिल्लं आहेत पोटात?" पुन्हा हशा. नेलीची शेपटी थांबली. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि शेवटी कल्पनाकडे बघितलं.

"हाड बिघडलेलं नाही," कल्पना म्हणाली.

प्रतापनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला आणि सरळ नोरापुढे जाऊन उभी राहिली.

"हाड साहेबांच्या वडिलांचंच आहे. वरचं सगळं माझं आहे. तूप आहे, साय आहे, शिरा आहे. नळ्या माझ्या मैत्रिणीच्या आहेत. तिला हसू नका. तिनं काही केलेलं नाही, फक्त दिलेलं नाकारलं नाही."

प्रतापनं डोळे मिटले. प्रमोशन खजुराच्या झाडांवरून उडून समुद्राकडे गेलेलं त्याला मिटल्या डोळ्यांनी दिसलं.

नोरा परत गुडघ्यावर बसली. या वेळी तिनं बोटांची टोकं आत दाबली, बरगड्यांमधून, खोल, पिठात हरवलेली अंगठी शोधावी तशी. बराच वेळ शोधलं. मग तिचा चेहरा बदलला.

"आत कुत्री आहे," ती म्हणाली. "आणि चांगली आहे. फिंटन, हाड बापाचंच आहे. आज बक्षीस देणार नाही, झाकणाला बक्षीस देत नाहीत. पण तू हिला घरी ने."

फिंटनसाहेब सावकाश उभे राहिले. "मिसेस सबनीस, हे का केलंत?"

"तुम्हीच म्हणाला होता. हरली तर राहील."

"मग आता का सांगितलंत?"

याचं उत्तर कल्पनाजवळ मराठीत होतं, इंग्रजीत नव्हतं. तिनं नेलीचे विस्कटलेले केस एका बाजूला बसवले आणि म्हणाली, "सगळे हसत होते."

साहेबांनी नाक ओढलं. उन्हाचं असावं. "मार्चअखेरपर्यंत ती बारीक व्हायला हवी. मला या गुडघ्यानं चालवत नाही. तुम्ही कराल?"

म्हणजे पाठवणीची तयारी आपणच करायची. कल्पनानं खालमानेनं हो म्हटलं, आणि मग डोकं वर करून विचारलं, "तुमच्याकडे तूप मिळतं का?"

"लोणी मिळतं. भरपूर. जगात नाव आहे."

"लोणी वेगळं," कल्पना म्हणाली. "लिहून देते. कढवायचं कसं ते. महिन्यातून एकदा, चमचाभर. नाही म्हणू नका."

साहेब नाही म्हणाले नाहीत. जाताना प्रतापच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मात्र फार बारीक झालास. बरं आहे ना सगळं?"

परतीच्या वाटेवर नेली कल्पनाच्या मांडीवर झोपली. प्रताप गाडी चालवत होता.

"दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर आपली झाली असती."

"माहीत आहे."

"मग?"

"तिला झाकण म्हणाले, अहो."

"म्हणू दे ना. तिला कुठे इंग्रजी येतं?"

"मला येतं," कल्पना म्हणाली.

पुढच्या सिग्नलला प्रतापनं हात लांब करून नेलीचा दुमडलेला कान अंगठ्यानं सरळ केला. तो परत दुमडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कल्पना पायात सलीलचे जुने बूट घालून वादीत उतरली. डोंगरांच्या कडा नुकत्या उजळत होत्या. नेली बाभळीपर्यंत आली आणि बसली. कल्पनानं दोरी ओढली, लाडीगोडी लावली, रागावून बघितलं. नेली बसूनच होती, सकाळच्या साय-भाताची वाट बघत. शेवटी कल्पनानं दोरी सोडली, ओढणी कमरेला खोचली आणि स्वतःच गोट्यांवरून पळत सुटली. शाळा सोडल्यापासून ती पळाली नव्हती. श्वास तोंडात मावेना, तरी त्यातून चाल निघाली, तुटत तुटत:

परदेशी जाई नेली,
तिथं गारठा पावसाचा,
कोण वाढेल गं तिला
एक घास तरी सायीचा.

मागून गोट्यांवर नखांचा आवाज आला. आधी एकेक, मग भराभर. नेली धापा टाकत आली, तिला ओलांडून पुढे गेली आणि वळून बघू लागली.

इमारतीच्या गच्चीवर गुलबानू कपडे वाळत घालत होती. ती कठड्यावरून वाकली.

"काय गो, तू कुत्र्याला फिरवतेस का कुत्रा तुला?"

कल्पनानं नुसता हात हलवला आणि नेलीच्या मागे पळत राहिली.