सात दिवस घरी

नीबाल्दो आराया पहाटे पाचला जागा झाला आणि आता काय करायचं ते त्याला कळेना.

खाणीवर असता तर एव्हाना कँटीनमध्ये खाऊन तो कामगारांच्या बसमध्ये बसला असता. सात दिवस तिकडे उत्तरेच्या वाळवंटात, सात दिवस इकडे कोकिम्बोत घरी, असं अकरा वर्षं चाललं होतं. तिकडे तो घराएवढा ट्रक चालवायचा. बारा तास. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, माल कुठे ओतायचा, सगळं कानातल्या रेडिओवरचा आवाज सांगायचा. घरी तसा आवाज नव्हता. घरी त्याचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप पेडल दाबत राहायचा.

"पाय थांबव," यास्ना म्हणाली. "चहा सांडेल माझा."

यास्ना त्याची बायको. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होती आणि तिला सातची बस गाठायची होती.

"आज मुलांना कुठे नेऊ?" त्याने विचारलं.

"ने कुठेही. शाळा दोन आठवडे बंद आहे. मागचा आठवडा शेजारच्या ओर्फेलिनाकाकूंनी काढला, आता त्यांचे गुडघे बोलायला लागलेत. तू आहेस, तर तू बघ."

"बघतो म्हणजे काय! अशी धमाल करतो की शाळाच नको म्हणतील."

कोट चढवता चढवता यास्ना मुलांच्या खोलीत डोकावली, दहा वर्षांच्या दामारिसच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि निघून गेली.

तो मंगळवार होता. जुलैची सुरुवात, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. समुद्रावरचं धुकं चढून टेकडीवरच्या घरांत शिरलेलं. नीबाल्दोने मुलांना आठ वाजता गदागदा हलवून उठवलं. गळ, बादली, टोप्या, सगळं दाराशी मांडून ठेवलेलं.

"पप्पा, सुट्टी आहे," सहा वर्षांचा एलॉय उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"म्हणूनच तर! मासे पकडायला चाललोय आपण."

धक्क्यावर वारा असा, की एलॉयची टोपी पाण्यात गेली. एक लहानसा मासा लागला. नीबाल्दोने त्याच्या तोंडातून गळ काढला, बोटाला रक्त लागलं, आणि एलॉयने जो सूर लावला तो घरी येईपर्यंत बंद झाला नाही. घरी पोचले तेव्हा दहाही वाजले नव्हते. नीबाल्दो घड्याळाकडे बघत उभा राहिला. संध्याकाळपर्यंतचा वेळ त्याला समोर पसरलेल्या वाळवंटासारखा दिसला. तो खिडकीशी गेला. परत आला. फ्रिज उघडला, बंद केला. परत खिडकीशी गेला.

"पप्पा," दामारिस म्हणाली, "मोरीवरचा पत्रा गळतोय. तुम्हाला बघता येईल का?"

बघता येईल का! त्याने शिडी काढली. एलॉयने खिळे हातात द्यायचे, दामारिसने शिडी धरायची. दुपारचं जेवण अडीचला झालं. जेवण संपून त्याचा पाय हलायला लागतो न लागतो, तोच पोरगी डॉमिनोचा डबा घेऊन आली. डॉमिनो संपला तर म्हणाली, मासळीबाजाराशी समुद्रसिंह आलेत म्हणे, बघायला जायचं का? गेले. समुद्रसिंह कोळ्यांच्या होड्यांखाली आळसावून पडले होते. एलॉयने त्यांच्यासारखं भुंकून दाखवलं, तर एकाने खरंच उत्तर दिलं.

बुधवारी सायकलची साखळी निघाली. मग कोंबड्यांच्या खुराड्याला दार बसवायचं निघालं. मग दामारिसला लांबीरुंदीची गणितं समजेनात, आणि नीबाल्दोने तिला जमिनीवर खडूने अख्खा ट्रक आखून दाखवला, त्याचं एक चाक स्वयंपाकघरात गेलं. रात्री तो बायकोला म्हणाला, "उगाच बाऊ करता तुम्ही बायका. मुलं रमवणं काय कठीण आहे? थोडं डोकं लावावं लागतं, एवढंच."

"हो का," यास्ना म्हणाली आणि दिवा मालवून कुशीवर वळली.

गुरुवारी एकच्या सुमारास तो पाव आणायला गेला. बेकरी वरच्याच गल्लीत होती. पाव गरम होते, म्हणून तो पुढच्या दाराने न येता मागच्या आवारातून लवकर आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत दामारिस घरातल्या फोनवर आईशी बोलत होती. यास्नाच्या जेवणाच्या सुट्टीची हीच वेळ.

"...नाही ग मम्मी, खुराडं कालच झालं. सायकलही झाली. गणितं मला येतात, तरी विचारली. सकाळी जिन्याचा कठडा घट्ट करून घेतला, पण तो अर्ध्या तासात संपला." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "एलॉयचं काही नाही, त्याला मी बघते. तो एका रिकाम्या खोक्याशी खेळत दिवस काढेल. पण पप्पांचं काय करू? सकाळपासून दोनदा बाहेर जाऊन रस्त्याकडे बघून आले. माझ्याकडे आता काहीच शिल्लक नाही, मम्मी. फार तर कुंपणाचा रंग आहे."

नीबाल्दो खिडकीखाली उभा होता. पावाची पिशवी छातीशी धरलेली. आत शिरून "काय चाललंय?" असं विचारण्याएवढा राग त्याला आला होता, आणि त्याच क्षणी कानशिलं तापून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आला तसा मागे वळला आणि चालू लागला.

पायऱ्यांमागून पायऱ्या चढत तो टेकडीच्या माथ्यावर गेला. तिथून खाली उतरून दुसऱ्या बाजूने पुन्हा चढला. बंदर धुक्यात बुडालेलं होतं, नुसते बोटींचे भोंगे ऐकू येत होते. एका बाकावर बसला, उठला. दहा वर्षांची पोर! त्याला वाटलं होतं, आपण त्यांना रमवतोय.

आणि चालता चालता, नको असताना, त्याला मागचा ऑगस्ट आठवला. तेव्हाही तो असाच घरी होता. सिगारेट आणतो म्हणून निघाला, आणि खाली टर्मिनलवर जाऊन उत्तरेच्या बसमध्ये बसला. पाळी सुरू व्हायला दोन दिवस होते. भांडण नव्हतं, काही नव्हतं. पाय गेले. खाणीजवळच्या कलामाला पोचल्यावर घरी फोन केला, की बदली माणूस हवा होता, तातडीने बोलावलं. कोणी बोलावलं नव्हतं. ते दोन दिवस त्याने तिथल्या एका लॉजमध्ये छताकडे बघत काढले. यास्नाने त्यावर एक शब्द विचारला नाही. तिला पटलं असं त्याने इतके महिने धरून चाललं होतं.

घरी आला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. दाराला कुलूप. त्याने हाका मारल्या. शेजारून ओर्फेलिनाकाकू शाल सावरत बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही इथे कसे? दामारिस धाकट्याला जॅकेट घालत होती. म्हटलं कुठे निघालात, तर म्हणे टर्मिनलला, पप्पांना बघायला. मला वाटलं तुम्हीच बोलावलंत."

"किती वेळ झाला?"

"झाला की तास-दीड तास. काय हो, बरं आहे ना सगळं?"

उत्तर द्यायला तो थांबला नाही. इतक्या पायऱ्या एका दमात तो लहानपणीही कधी उतरला नव्हता. मोठा रस्ता गाड्यांच्या मधून ओलांडला, एकाने शिवी घातली, ती त्याने ऐकलीही नाही. टर्मिनलमध्ये सुट्टीची गर्दी होती, बॅगा, गाद्या, रडकी पोरं. तो फलाटांवरून धावत गेला. शेवटच्या फलाटाशी, उत्तरेच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर, दोघं बसली होती.

"पप्पा!" एलॉय बाकावर उभाच राहिला. "तेवीस बस आल्या! एक दोन मजली होती! तिच्या पोटातून एकाने कुत्रा काढला, जिवंत!"

दामारिस उठली नाही. तिने बापाकडे बघितलंही नाही. मांडीवर हात घट्ट धरून समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिली.

नीबाल्दोला धाप लागली होती. तो तिच्या शेजारी बसला. "मी पाव आणायला गेलो होतो."

"पाव वरच्या गल्लीत मिळतो," ती म्हणाली.

"हो."

"मी प्रत्येक बसमध्ये चढून बघितलं. एक ड्रायव्हर ओरडला माझ्यावर. म्हणाला, तिकीट नाही तर उतर." तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला. "मला वाटलं माझं चुकलं. मी फोनवर बोलत बसले, तेवढ्यात गेलात तुम्ही."

"तुझं काही चुकलं नाही."

"मम्मीने सांगितलं होतं, पप्पांना रिकामं बसू देऊ नकोस."

"तिने तसं सांगायला नको होतं. तू ऐकायलाही नको होतंस."

"मग कोण करणार?"

एक बस आली, एलॉयने "चोवीस!" अशी आरोळी ठोकली. नीबाल्दोने पिशवी उघडली. पाव गारढोण आणि चपटे झाले होते, इतका वेळ त्याने ते छातीशी दाबून धरले होते. त्याने एक मोडून दोघांना दिला. दामारिसने आधी घेतला नाही. मग घेतला.

"माझे पाय थांबत नाहीत," तो हळूच म्हणाला. "तुमच्यापासून नाही पळत मी. तिकडे दिवसभर कोणीतरी सांगत असतं, आता इकडे जा, आता तिकडे. इथे आलो की तसं कोणी नसतं, आणि मला भीतीच वाटते. एवढ्या मोठ्या माणसाला. मागच्या वेळी मी खोटं बोललो होतो."

"माहीत आहे," दामारिस म्हणाली. "मम्मीने खाणीवर फोन केला होता."

सत्तावीस बस होईपर्यंत तिघं तिथेच बसली.

यास्ना घरी आली तेव्हा चहा मांडलेला होता. मुलं हात धुवायला गेली तशी ती म्हणाली, "काकूंनी सांगितलं मला." कोटही काढला नव्हता.

"पोरीला राखणीला बसवलंस माझ्या," नीबाल्दो म्हणाला.

"बसवलं. चुकलं माझं. मी तिकडे चादरी धुवत असते, मी काय करणार होते?"

"मला सांगायचंस."

"काय सांगू? नवऱ्याला सांगू, की बाबा रे, पळून जाऊ नकोस?" तिने कोट खुर्चीवर टाकला. "अकरा वर्षं मी तुझ्या सात दिवसांची वाट बघते, नीबाल्दो. आणि तू आलास की दाराकडे बघत बसते, कधी निघशील म्हणून."

त्याचा पाय हलत होता. तिने तो बघितला, पण आज त्यावर बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी दामारिस कुंपणाच्या रंगाचा डबा घेऊन उभी राहिली.

"ठेव तो," नीबाल्दो म्हणाला. "तुझी ती मैत्रीण कोण, खालच्या आळीतली?"

"रेनाता."

"तिच्याकडे जा. संध्याकाळी ये."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आहोत."

ती दारापर्यंत गेली, परत आली, एलॉयचं खोकल्याचं औषध कुठे ते सांगितलं, पुन्हा दारापर्यंत गेली. "नक्की ना?"

"जा ग बाई!"

तो दिवस सरता सरेना. नऊ वाजता एलॉयने विचारलं, "आता काय?" नीबाल्दो म्हणाला, "माहीत नाही." दहा वाजता पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. पोरगं जमिनीवर आडवं पडलं, लोळलं, कण्हलं, म्हणालं की कंटाळून मरतोय मी. नीबाल्दो दोनदा रस्त्याकडे बघून आला, आणि दोन्ही वेळा त्याला फाटकाची कडी हाताने धरून उभं राहावं लागलं. अकराला एलॉयने सोफ्याच्या उशा काढून बस बनवली. "पप्पा, तू प्रवासी." नीबाल्दो प्रवासी झाला. बस कुठे जाते विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, बोलू नका, गाडी चालू आहे. बस दुपारभर चालली. मग ती बोट झाली, मग दवाखाना, त्यासाठी गाद्या आल्या, चादरी आल्या, स्वयंपाकघरातली यच्चयावत भांडी आली. मधे चांगला अर्धा तास दोघांतलं कोणीच काही केलं नाही, उताणे पडून राहिले. तो अर्धा तास नीबाल्दोला बारा तासांच्या पाळीपेक्षा जड गेला. पण गेला.

सहाला यास्ना आली आणि दारातच थबकली. "अरे देवा! घर आहे का रणांगण?"

तिच्या मागून दामारिस शिरली. दहाही नखांना जांभळा रंग, केसांत रेनाताची पिन. उशांवरून उडी मारून ती बापाशेजारी गादीवर धपकन बसली आणि सांगत सुटली. रेनाताच्या मांजरीला पिल्लं झालीत, चार, त्यातलं एक आंधळं आहे, तिची आजी कॉफीत बोट बुडवून चाखते, रेनाताचा भाऊ असला मूर्ख आहे ना... दिवसभर बापाने काय केलं, हे तिने विचारलं नाही.