दुसरा दाब

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा नव्हे, डोंगरात चालवायच्या सायकलचा पुढचा चिमटा. चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं आणि रस्त्याचे धक्के स्वतः खायचे, हे माझं काम. इतरांच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असते, माझ्या पोटात नुसती हवा आहे. माणसाच्या डोक्यात हवा गेली की तो बिघडतो. माझी पोटातून गेली की मी बिघडतो.

कारखान्यातून निघालो तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. चकचकीत नळ्या, काळेभोर पाय, नव्या तेलाचा वास. एका सायकल मिस्त्रींनी मला आणलं आणि आपल्या थोरल्या मुलीच्या सायकलला बसवलं. तिला घरात ताई म्हणत. डोंगरावरच्या वस्त्यांवर औषधं पोचवण्याचं काम ती करायची. सकाळी निघायची आणि दुपारी तीनच्या सुमाराला परत यायची.

मिस्त्रींच्या घरात माझ्यातल्या हवेला हवा म्हणत नसत, दम म्हणत. "ताईच्या वजनाला दम पंचाहत्तर," असं म्हणत मिस्त्री छोट्या हातपंपाच्या काट्याकडे बघत. आणि घरचा एक नियम होता, दोन दाबांचा. निघण्याआधी पुढचा ब्रेक धरायचा, हँडलवर भार देऊन मला दोनदा दाबायचं आणि कान द्यायचा.

"पहिला दाब सवयीचा," मिस्त्री सांगत. "खरं काय ते दुसऱ्यात कळतं."

माझ्या नळीवर एक रबरी कडी आहे. मी दबलो की ती वर सरकते आणि तिथेच राहते. मिस्त्रींच्या दाबाने ती तीन बोटं वर जायची, ताईच्या दाबाने बरोबर दोन. कोणाचा हात आहे ते मला न बघता कळतं. माझा तेवढाच एक गुण, पण पक्का.

दर वर्षी मिस्त्री माझा दम सोडत, मला उघडत, तेल बदलत, हवा आत अडवून धरणारी रबरी सीलं नवी घालत. "हा आहे म्हणून मी निवांत झोपतो," असं ते शेजाऱ्यांना सांगत, आणि मी आणखीच फुगत असे.

मग एका थंडीत ताईला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच्या आदल्या रविवारीच तिने स्वतःच्या हातांनी माझ्यात दम भरला होता.

सायकल मागच्या खोलीत भिंतीला टेकून राहिली. मिस्त्री माझी धूळ पुसत, पण मला उघडत नसत. "तिने भरलेला दम आहे तो," ते म्हणत. तीन वर्षं गेली. मित्रांनो, माझ्यासारख्याची हवा चार-सहा महिन्यांत आपोआप कमी होते. माझी तसूभरही कमी झाली नाही. हे बरं लक्षण नव्हतं, आणि माझी सीलं आतून वाळत चालली होती ते मला कळत होतं. सांगणार कोणाला आणि कसं?

त्याच सुमाराला ते सुरू झालं. दुपारी तीन वाजता खोलीत कोणी नसायचं. ऊन फरशीवर आलेलं असायचं. ब्रेकचा दांडा हळूच हँडलला टेकायचा आणि मी दबायचो. एकदा. मग पुन्हा एकदा. कडी दोन बोटं वर गेलेली असायची. संध्याकाळी मिस्त्री ती खाली सरकवत. त्यांना वाटे, धाकटी मुलगी हात लावते. धाकटीला वाटे, बाबाच दाबून बघतात. मला भीती वाटायची हे मी लपवणार नाही.

धाकटी मोठी झाली आणि ताईचंच काम तिला मिळालं.

"बाबा, मी ताईची सायकल नेणार."

मिस्त्रींनी हँडलवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "ने. पण दमाला हात लावायचा नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस एवढं बोलून गेला. वस्त्यांच्या वाटेवरचा, खाणीजवळचा उतार मला माहीत होता. तिथल्या पहिल्याच खड्ड्यात माझी सीलं फाटली असती, मी खाली बसलो असतो आणि पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली असती.

सकाळी धाकटी घाईत होती. दोन दाब विसरून तिने सायकल दारापर्यंत आणली. तिचा एक हात सीटवर होता, दुसऱ्यात औषधांची पिशवी. तेवढ्यात ब्रेकचा दांडा हँडलला टेकला. मी दबलो. मग पुन्हा दबलो, आणि या खेपेला माझ्या आतून बारीक चरचर आली.

"बाबा, तुम्ही दाबलंत?"

मिस्त्री पाच पावलांवर, तेलाने माखलेले हात घेऊन उभे होते. "नाही गं."

"मीही नाही."

मिस्त्री येऊन गुडघ्यांवर बसले. कडी दोन बोटं वर होती. ती त्यांनी या वेळी खाली सरकवली नाही. माझ्या हवेच्या झडपेवरची टोपी काढली, झडपेत खिळा टेकवला आणि अगदी हळू म्हणाले, "सोडतो गं, ताई."

तो दम बाहेर पडायला फार वेळ लागला. मिस्त्रींनी गाल जवळ नेला होता.

मग त्यांनी मला उघडलं. आतलं सील बोटांत धरताच त्याचा चुरा झाला. मिस्त्री धाकटीचा हात घट्ट धरून तिथेच फरशीवर बसले. "मी दम धरून बसलो होतो," ते म्हणाले, "आणि तुला पाठवत होतो."

आता माझ्यात धाकटीने भरलेला दम आहे. मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू नुसती पुसून ठेवू नका. ती उघडा, तिचं तेल बदला, जुनी हवा जाऊ द्या. आणि निघण्याआधी दोनदा दाबून बघा.

धाकटी रोज सकाळी ब्रेक धरून मला दाबते. तिचा हात हलका, कडी जेमतेम एक बोट वर जाते. मग ती हँडल सोडून दोन्ही हात मागे घेते आणि थांबते.

दुसरा दाब तिला द्यावा लागत नाही.