ठोकळा काढा, मग बोला

मी बोलतेय, आणि माझं बोलून होईपर्यंत मध्ये कुणी हॉर्न वाजवायचा नाही. आजवर तुम्ही माझ्या बॉनेटवर कोपर टेकवून, माझ्या टायरला लाथा मारून माझ्याबद्दल भरपूर बोललात. ‘बिचारी आता दमली’, ‘हिच्यात दम नाही’, ‘शोभेला ठेवा’. मी ऐकून घेतलं, कारण मला तोंड नव्हतं. आज आहे.

मी एक छोटी जुनी मोटार. दोन दारं, गोल डोळे, पिस्ता रंग. समोरून पाहिलं तर नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते, पण ते रूप झालं. कारखान्यातून बाहेर पडताना तिथल्या फोरमनने माझ्या छतावर थाप मारली होती आणि म्हणाला होता, “लहान आहे, पण पळेल.” जन्माला आल्यावर कुणी पाठीवर असा हात ठेवला की तो विसरता येत नाही.

माझे पहिले मालक आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, केसांना तेल चोपडून फिरणारे तरुण होते. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. विमानं कधीच बंद झाली; तेव्हापासून तिथे गाड्यांची हौशी मंडळी वर्षातून एकदा जमून कुणाची गाडी किती पळते ते बघतात. आजोबांनी तिथे मला शंभरच्या वेगाने पळवलं आणि कप जिंकला. तो कप अजून दिवाणखान्यात आहे. त्याला रोज फडकं मिळतं, मला नाही.

आता खरं सांगते. त्या दिवशी वारा पाठीमागून होता आणि वेगाच्या काट्याची तार कोरडी पडली होती. काटा थरथरत शंभरावर गेला, शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं डोकावला आणि परत आला. तेवढ्या डोकावण्यावर म्हाताऱ्याने उभा जन्म काढला. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी शंभर यायचं.

आजोबांना दोन मुलगे. धाकटा काका, त्याचं हॉटेल आहे. थोरले बाबा, ते विम्याच्या कचेरीत आहेत. बाबा एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी मला जोरात आणून फाटकाच्या खांबावर ठोकलं. माझा एक डोळा गेला, खांब वाकला, बाबांना खरचटलंही नाही. आजोबा ओरडले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. लाकडाचा एक ठोकळा त्यांनी ॲक्सिलरेटरच्या पॅडलखाली माझ्या तळाला स्क्रूने पक्का केला, सवयीप्रमाणे स्क्रूच्या खाचा एका सरळ रेषेत ठेवल्या आणि वर गालिचा अंथरला. आता पॅडल कितीही दाबलं तरी निम्म्यावरच अडणार. नव्या डोळ्याची किंमत अशी वसूल झाली.

एवढ्यावर ते थांबले असते तर मी समजून घेतलं असतं. पण पुढच्याच वर्षी त्याच धावपट्टीवर बाबांनी भाग घ्यायचं ठरवलं, तेव्हा आजोबांनी हसत हसत किल्ली दिली. ठोकळा तसाच. बाबा पॅडलवर अक्षरशः उभे राहिले. मी अर्ध्या पोटी धावत होते. आम्ही शेवटचे आलो. चार लोकांत आजोबा म्हणाले, “गाडी शंभरची आहे. हाकणारा बैलगाडीचा आहे.”

लोक हसले. बाबाही हसले, कारण हसलं नाही तर अजून हसतात. त्या दिवसापासून ते रस्त्याच्या कडेकडेने, पन्नासच्या आत गाडी चालवणारे गृहस्थ झाले. सायकलवाला पुढे गेला तरी म्हणायचे, “जाऊ दे, त्याला घाई असेल.” पन्नासच्या आत चालणाऱ्या गाडीचं पॅडल कुठपर्यंत जातं हे कुठला मेकॅनिक कशाला बघेल? आणि या घराची एक खोड आहे: जुनं काही काढायचं नाही, त्यावर नवं घालायचं. सीटकव्हरवर सीटकव्हर, गालिच्यावर रबराचं मॅट, त्यावर अजून एक. ठोकळा खाली खाली गाडला गेला. तो आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाला तोंड नव्हतं आणि दुसऱ्याने ते उघडलं नाही.

मग आली धाकटी. बाबांची मुलगी. कॉलेज अर्ध्यावर सोडून गॅरेजमध्ये कामाला लागली. आजोबांनी तिचं नाव ‘अर्धवट’ ठेवलं. “काय अर्धवट, आज कुठला नट अर्धवट आवळलास?” जेवणाच्या टेबलावर हे रोजचं. ती म्हणायची, “आजोबा, तुम्ही अख्खे आहात ना, मग स्वतःचं ताट उचला.” मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

एका रविवारी काका आला. माझ्याभोवती एक चक्कर मारून आजोबांना म्हणाला, “अण्णा, ही मला द्या. हॉटेलच्या दाराशी ठेवतो. इंजीन काढून टाकायचं, बॉनेटमध्ये माती भरायची आणि मस्त फुलझाडं! लोक फोटो काढतील.”

माती! माझ्या पोटात! माझं पाणी पाणी झालं. खरोखरच, रेडिएटरचा पाइप जुना होता.

आजोबांना कल्पना पटली. “एवीतेवी पडूनच आहे.”

धाकटी हात पुसत आली. “पडून नाहीये. ही पळते.”

“कुणाच्या हातात? तुझ्या बापाच्या?” आजोबा म्हणाले. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

“माझ्या. धावपट्टीवर. तुमचं शंभर मी करून दाखवते. झालं तर गाडी माझी.”

“आणि नाही झालं तर फुलझाडं,” काका म्हणाला.

आजोबांनी मान डोलावली आणि एक अट घातली. “इंजिनाला काय करायचं ते कर. आत हात लावायचा नाही. आतून गाडी माझ्या वेळची आहे तशीच राहिली पाहिजे.”

म्हातारा आता म्हणतो, ठोकळ्याचं तो विसरला होता. असेल. मी फक्त अट सांगितली.

धाकटीने मला हातात घेतलं. वेग काही दुकानात मिळत नाही, तो ठिकठिकाणी सांडत असतो. गळती शोधावी लागते. तिने आधी छतावरचं कॅरिअर काढलं, जे वर्षानुवर्षं नुसतं वारा अडवत होतं. चिखल उडू नये म्हणून मागे लावलेले रबरी पडदे, बाजूचा आरसा, काचेवरची उन्हाची टोपी, सगळं उतरवलं. एका चाकाचा ब्रेक सोडला तरी घासत राहायचा. मी सारखी पाय ओढत चालल्यासारखी चालायचे. तो सैल केला. टायरमध्ये हवा जरा जास्त भरली. इंजिनाचं डोकं उघडून आतली काजळी खरवडली, तेव्हा मला कान साफ केल्यासारखं वाटलं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासघासून बसवले, ठिणगी नेमकी वेळेवर पडेल असं केलं. पातळ ऑइल घातलं. हेडलाइटच्या भोवतीच्या फटींवरसुद्धा तिने चिकटपट्टी मारली.

“ही मेकअप करतेय की गाडी दुरुस्त करतेय?” काकाने विचारलं.

“वाऱ्याला धरायला जागा ठेवत नाहीये. तुम्ही जरा बाजूला व्हा, तुम्हीही अडवताय.”

मग ती मला रिकाम्या हमरस्त्यावर घेऊन गेली. मी अंग झाडून निघाले. साठ. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. आणि तिथेच ठप्प. परत केलं, परत अठ्ठ्याहत्तर.

तिने कार्ब्युरेटर उघडला. त्यात पत्र्याची एक गोल झडप असते. पॅडल दाबलं की ती उघडते आणि तेवढं पेट्रोल आणि तेवढी हवा इंजिनाला मिळते. धाकटीने ती बोटाने ओढून पाहिली. पूर्ण उघडली. “इथे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली आणि दुसरीकडे शोधायला लागली.

बोटाने ओढलीस तर उघडणारच गं बाई! पायाने बघ! मी आतल्या आत ओरडत होते. पण तिचं तरी काय चुकलं? पाय पॅडलवर आणि डोळा झडपेवर, असं एका माणसाला करता येत नाही. त्याला दोघं लागतात. आणि या घरात दुसरं माणूस मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. “कुणीतरी दोन मिनिटं पॅडल दाबा ना!” ती ओरडायची. आजोबांचे गुडघे दुखायचे. काकाचे कपडे इस्त्रीचे असायचे. बाबा म्हणायचे, “मला त्यातलं काही कळत नाही.” सल्ला द्यायला मात्र तिघं रांगेत उभे. “इंजीनच म्हातारं झालंय,” आजोबा म्हणाले. “आमच्या वेळी हातात कसब होतं.”

स्पर्धेच्या आदल्या सकाळी धाकटी माझ्या चाकाला टेकून बसली. रडत नव्हती. नटबोल्ट एकेक करून डब्यात फेकत होती, आणि प्रत्येक जोरात वाजत होता. शेवटी आईच बाहेर आली. आई म्हणजे या घरातलं एकमेव चालू इंजीन. ती बाबांना दंडाला धरून घेऊन आली होती.

“पॅडल दाबायला पदवी लागत नाही. बसा.”

बाबा बसले. धाकटीने बॉनेटमध्ये डोकं घातलं.

“दाबा, बाबा.”

“दाबलं.”

“पूर्ण दाबा.”

“पूर्णच दाबलंय.”

“बाबा, झडप निम्मीच उघडलीय. घाबरू नका, इंजीन बंद आहे. जोर लावा!”

“अगं उभा राहू का आता? याच्या खाली जातच नाही. पहिल्यापासून असंच आहे हे.”

धाकटीचं डोकं हळूच वर आलं. “पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?”

मग कसली अट आणि कसलं काय. वरचं मॅट गेलं. खालचं गेलं. गालिचा टरकन फाटला. आणि तो दिसला, गुळगुळीत, स्क्रूने पक्का बसवलेला. बाबांनी वाकून त्यावर बोट फिरवलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही. घरात स्क्रूच्या खाचा इतक्या सरळ रेषेत कोण ठेवतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आजोबा दारात उभे होते. गुडघे एकदम बरे झाले होते.

“तुझ्या काळजीपोटी केलं,” ते म्हणाले.

बाबा बाहेर आले. आवाज चढला नाही. “काळजी होती तर किल्ली द्यायची नव्हती, अण्णा. तुम्ही किल्ली दिलीत, पाय बांधलात, आणि चार लोकांत हसलात.”

“मी विसरलो होतो नंतर.”

“मी नाही विसरलो,” बाबा म्हणाले.

धाकटीने स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. ठोकळा त्यांनीच काढला.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर ऊन चांगलं होतं. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून आता तिथे जाऊन-येऊन पळवतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. म्हाताऱ्याच्या वेळी ही भानगड नव्हती. धाकटीने शेवटच्या क्षणी माझ्या पंख्याचा पट्टासुद्धा काढला. थोड्या वेळासाठी पंख्याविना चालतं, आणि पंखा फिरवायची ताकद चाकांना मिळते.

तिने पाय दिला. आणि देवा! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला पोटभर वाढलं. मी सत्तर मागे टाकलं, नव्वद मागे टाकलं, दारं थडथडत होती, धाकटी काहीतरी किंचाळत होती, बहुतेक शिवीच होती. वेळ मोजणाऱ्या माणसाने पाटी वर केली: एकशे तीन.

टोकाला पोचल्यावर ती उतरली. तिथे बाबा उभे होते. “परत तुम्ही न्या,” ती म्हणाली.

“वेडी आहेस? वारा समोरून आहे. माझं वजन बघ. हरशील.”

“नियम विचारून आलेय. गाडी तीच लागते, माणूस नाही. बसा, बाबा. तुमची एक फेरी येणं बाकी आहे.”

ते बसले. पहिल्यांदा त्यांचा पाय निम्म्यावर आपोआप थांबला. सवयच ती. मग तो खाली गेला, अजून खाली, थेट तळाला टेकला. वारा तोंडावर होता, माणूस वजनदार होता, आणि मी जीव काढून पळाले. बाबा ओरडत नव्हते. ते गुणगुणत होते, बेसूर, मोठ्यांदा.

पंच्याण्णव. सरासरी नव्याण्णव.

“एक कमी,” आजोबा लगेच म्हणाले. हिशेब पक्का, म्हाताऱ्याचा.

काका पुढे आला. “चला. उद्या टेम्पो पाठवतो. दादा, किल्ली?”

बाबांनी किल्ली काढली आणि धाकटीच्या हातात ठेवली.

“टेम्पो पाठव की,” ते काकाला म्हणाले. “अण्णांचा कप घेऊन जा. त्यात लाव फुलं.”

 मग आईला हसू फुटलं, आणि ती एकदा हसायला लागली की थांबत नाही.

सध्या मी धाकटीची आहे. अंगण उतारावर आहे, म्हणून उभी करताना ती माझ्या मागच्या चाकाखाली एक लाकूड सरकवते. तोच ठोकळा. तिथे तो शोभतो. पुढच्या वर्षी तो कमी पडलेला एक भरून काढायचाय, त्यासाठी तिने माझं काही सोलायचं ठेवलेलं नाही; आता बाबांचं वजन सोलतेय. रोज सकाळी त्यांना पळवते, आणि ते माझ्यापेक्षा जास्त धूर सोडतात.

परवा आजोबा आले. कुणी नाही असं बघून आत बसले, पॅडल तळापर्यंत दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मागून आवाज आला, “आजोबा, आत हात लावायचा नाही!” ते दचकले. मग धाकटीने किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली. “फाटकापर्यंतच. आणि खांब सांभाळा.”

तर मोठ्यांनो, एक ऐका. घरात कुणी मागे पडतंय, कुणात दम नाही असं वाटलं, तर तोंड उघडायच्या आधी मॅट उचला. खाली काही नसेल तर खुशाल बोला. आणि ठोकळा सापडला, तर स्क्रूच्या खाचा नीट बघा. ओळखीच्या वाटतील.

आता हॉर्न वाजवलात तरी चालेल. मी निघालेच.