ब्रेकची शिट्टी

गाडी सतरा वर्षांची, आकाराने डबी, पण दुखणी मोठ्या घरची. क्लचप्लेट एकदा, रेडिएटरचा पाइप दोनदा, खड्ड्यात खडखडणारी पुढची बुशं दर दोन वर्षांनी. मागच्या वेळी मिस्त्रीने खर्चाचा अंदाज लिहून दिला, तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी आली असती. मास्तरांनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि निम्म्या ओळींवर काट मारली.

"जे वाजतंय तेवढं कर," ते म्हणाले. "वाजत नाही ते शाबूत आहे."

हा हिशेब त्यांनाच शोभत होता. मास्तर चाळीस वर्षं पियानो ट्यून करत आले होते. मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आत ते गाडीचा रोग सांगत, आणि बहुतेकदा तोच निघे. त्यामुळे मिस्त्री त्यांच्याशी सहसा वाद घालत नसे. त्या दिवशी मात्र त्याने काट मारलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, पुढचे ब्रेकपॅड संपत आलेत. आत्ता टाकले तर चार हजारांत भागेल. पॅडला एक पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते, बारीक शिट्टी वाजते. वाजली की त्याच दिवशी गाडी आणा."

"वाजली की तुझ्याआधी मला कळेल."

मिस्त्री हसला. शेजारी उभ्या असलेल्या मास्तरीणबाईही हसल्या.

याला दोन महिने झाले. आज दुपारी दोघं टेकडीवरच्या घरातून खाली शहरात निघाले होते. संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम होता आणि तिथला मोठा पियानो मास्तरांना लावून द्यायचा होता. सभागृहाने यंदा एक नवा माणूस हेरून ठेवला होता. आजचं काम पाहून वर्षाचा करार कुणाला द्यायचा ते ठरणार होतं. मास्तर सकाळपासून नाकावर माशी बसू देत नव्हते.

उताराच्या दुसऱ्या वळणावर मास्तरीणबाई जपून म्हणाल्या, "अहो, आज ती शिट्टी जरा जास्तच येतेय, नाही?"

"कसली शिट्टी?"

त्यांना वाटलं, थट्टा करताहेत. "ब्रेकची. आत्ता दाबलात तेव्हा."

मास्तरांनी पुन्हा ब्रेक दाबला आणि कान टवकारले. इंजिनाची घरघर, टायरांचा आवाज, डॅशबोर्डातली जुनी किरकिर, सगळं जागच्या जागी होतं. शिट्टी नव्हती.

"आता?"

"आत्ताही. तुम्हाला नाही येत ऐकायला?"

तिला येतोय तो आवाज आपल्याला येत नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. पण त्याचा विचार करायला सवड मिळाली नाही. पायाखाली खरखर लागली, पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं आणि गाडीचा वेग हवा तसा कमी होईना. उताराच्या पायथ्याशी सिग्नल लाल झाला होता. रांगेत सर्वांत मागे सळया भरलेला ट्रक उभा होता, आणि सळयांची टोकं बाहेर आलेली होती.

त्यांनी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडलं. मास्तरीणबाईंनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. दुसऱ्यावरून पहिला. मग हँडब्रेक, एकदम नाही, एकेक खटका मोजत. गाडी गचके खात थांबली तेव्हा सळया काचेपासून वीतभर लांब होत्या.

मिस्त्रीचं गॅरेज सिग्नलपासून दोन गल्ल्यांवर होतं. तिथवर ती दोघं पहिल्या गिअरमध्ये रांगत गेली.

मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली आणि चाक हाताने फिरवलं. मास्तरीणबाईंनी कानांवर हात दाबले. मास्तर शांत उभे होते. मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चाक काढायला घेतलं.

"पॅडचा पत्ता नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. डिस्कही गेल्या, फ्लुइडही. आता अकरा हजार. कधीपासून वाजतंय?"

मास्तर वाकून डिस्क पाहू लागले.

"तीन आठवडे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तीन आठवडे! आणि तू मला आज सांगतेस?"

"तुम्हाला आवाजाबद्दल मी सांगू?" त्या म्हणाल्या. "वाटी पडली तरी तिचा सूर सांगता तुम्ही. मला वाटलं ऐकताय, आणि अजून थोडे दिवस चालेल असं ठरवलंय. आपल्या घरात ऐकायचं काम तुमचं आहे."

मास्तरांचा राग जागच्या जागी विरला. त्यांना मागच्या आठवड्यातला शाळेतला पियानो आठवला. त्याच्या सर्वांत वरच्या पट्ट्या दबल्यासारख्या लागल्या होत्या. तारा जुन्या झाल्यात, असं सांगून ते मोकळे झाले होते. त्याआधी एका डॉक्टरीणबाईंच्या घरीही तारांनाच दोष दिला होता. ते गॅरेजच्या बाकावर बसले. त्यांना भीती वाटली, सळयांपुढे वाटली होती त्याहून जास्त.

फोन वाजला. सभागृहाचे व्यवस्थापक होते. कुठपर्यंत आलात?

सबब समोर जॅकवर उभी होती. गाडी बिघडली एवढं म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवलं नसतं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"तासाभरात येतो," ते म्हणाले. "पण ऐका. वरचं सप्तक मला ऐकू येत नाही. खालचं सगळं मी लावून देईन. वरच्यासाठी त्या नव्या माणसाला बोलवा." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "हो, करारही त्याच्याशीच करा."

मास्तरीणबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मिस्त्री पान्यांचा आवाज न करता काम करत राहिला.

नवे पॅड, नव्या डिस्क बसल्यावर मिस्त्रीने गाडी एकदा उतारावर नेऊन पाहायला सांगितली. मास्तरांनी अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी काच खाली केली. "पुन्हा दाबा," त्या म्हणाल्या, आणि डोकं बाहेर काढून नीट ऐकलं.

"नाही."

मास्तरांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी खाली सोडली.