मोहोळ आणि परत

"साठ," नबीसाब म्हणाला.

म्हणजे सुटायला साठ सेकंद उरले. सायकल मागून धरून उभं राहायचा मान दर वर्षी नबीसाबचा. पण त्याच्या एका हातात घड्याळ असे, त्यामुळे सायकल तो एकाच हाताने धरी आणि मायाप्पा दर वर्षी थोडा डावीकडे कलूनच सुटे.

"पाय थरथरतायत काय रे?"

"पाय न्हाय. सायकल थरथरती. तुमी हलवताय."

नबीसाबने हात आवळला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दुसऱ्याचा हात हलला तर त्याला चाले, स्वतःचा हललेला चालत नसे.

साल चौतीस, माघातली सकाळ, पुणे नाक्याच्या बाहेरची सडक. मायाप्पा अडतीस वर्षांचा होता. शर्यतीत पाच गडी होते आणि चार आधीच गेले होते. दहा-दहा मिनिटांनी एकेकाला सोडायचं, त्याने मोहोळच्या वेशीबाहेरचा दगड शिवून परत यायचं, आणि पहिला कोण ते घड्याळाने सांगायचं, अशी ही शर्यत. सोलापूरला ती कधी मनापासून पटली नाही. कुस्तीत दोन गडी समोरासमोर असतात, हरलेला पाठीवर पडलेला दिसतो. इथे हरलेला दिसणार कुठे, असं लोकांनी पहिल्या वर्षी विचारलं. दिसणार नाही म्हटल्यावर निम्मे घरी गेले.

पण सायकलीचं दुकान चालवणाऱ्या रुद्रप्पाअण्णांनी ही कल्पना विलायती कॅटलॉगमध्ये वाचली होती, आणि कॅटलॉगात छापलेलं खोटं असतं असं त्यांना अजून कोणी सिद्ध करून दिलं नव्हतं. ज्याची वेळ सगळ्यांत कमी त्याचं नाव दुकानाच्या फळ्यावर, आणि दुकानातली सगळ्यांत हलकी विलायती सायकल त्याच्या ताब्यात. नाव पुसलं की सायकल परत. अकरा वर्षं फळ्यावर एकच नाव होतं. पेंटर दर दिवाळीला येई तो फक्त रंग उजळायला.

सांगोल्याकडच्या माळावर मायाप्पाचा बाप मेंढरं राखी. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं, तर तो सांगे की आमचा मायाप्पा सोलापुरात रस्ता हाकतो. दिवसभर हाकतो, आन संध्याकाळी रस्ता हाय तितंच असतो.

हाकत होता हे मात्र खरं. बार्शी, पंढरपूर, विजापूर, जिथे रुद्रप्पाअण्णांना सायकली खपवायच्या तिथे मायाप्पा आधी जाऊन येई. एकदा त्याला पुण्याला सगळे एकदम सुटतात तसल्या शर्यतीला पाठवलं. तिथे तो सत्ताविसावा आला. कोणी शेजारी आलं, की सरका म्हणायच्या ऐवजी हा आपणच सरके. सव्वीस जण शेजारी आले. रुद्रप्पाअण्णा म्हणाले, याला माणसांत सोडण्यात अर्थ नाही. तेव्हापासून तो एकटाच पळे, आणि एकट्याने पळताना त्याला गाठणारा जिल्ह्यात कोणी नव्हता.

"पाच. चार," नबीसाब म्हणाला, आणि मायाप्पा डावीकडे कलून सुटला.

तो मान खाली घालून चालवी. पुढचं चाक आणि त्याच्यापुढचा हातभर रस्ता, एवढंच त्याचं जग. तेवढ्यावरून गाव कोणतं आलं ते तो सांगे. खडी बारीक झाली की पाकणी. पाकणीच्या पुढे एक ओढा होता. रस्ता तिथे उजवीकडे वळून खाली उतरे, फरशीवरून पाण्यातून जाई आणि चढून पुन्हा वर येई. गेल्याच पंधरवड्यात सरकारने त्यावर सरळ पूल बांधून खुला केला होता. पुलावरून दीड मिनिट वाचे. मायाप्पाने आठ दिवस पुलावरून सराव केला होता. आज जातानाही तो पुलावरूनच गेला.

मोहोळचा दगड शिवून तो फिरला तेव्हा वारा समोरून होता. समोरचा वारा म्हणजे त्याला घरचं माणूस. त्याने अंग सायकलीवर आडवं टाकलं आणि पाय सोडून दिले. श्रीमंत नावाचा बावीस वर्षांचा मुलगा त्याच्या दहा मिनिटं पुढे होता. तो दिसला नाही. दिसायची गरजही नव्हती, किती मागे आहोत हे मायाप्पाला मांड्यांत कळे. आज त्या सांगत होत्या, जमतंय.

ओढ्याच्या अलीकडे डोळ्यांत घाम उतरला. त्याने क्षणभर म्हणून ते मिटले.

नडग्यांवर गार पाणी उडालं तेव्हा त्याने ते उघडले. चाकाखाली फरशी होती. पूल डोक्यावर उजव्या अंगाला कोरडा उभा होता. अकरा वर्षं ज्या पायांना इथे वळायला सांगितलं होतं ते वळले होते, त्यांना कोणी नवीन सांगितलं आहे हे ते विसरले होते. मागे फिरावं तर आणखी वेळ जाणार. मायाप्पा चढ चढून वर आला.

नाक्यावर नबीसाबने हातातलं आणि खिशातलं अशी दोन्ही घड्याळं पाहिली, मग पुन्हा पाहिली. श्रीमंत पन्नास सेकंदांनी जिंकला होता. रुद्रप्पाअण्णांनी हार त्याच्या गळ्यात घातला. तो हार मायाप्पाच्या मापाचा होता, श्रीमंतच्या छातीवर जरा आखूडच दिसला. पोरगं भलं होतं. हारासकट येऊन मायाप्पाच्या पाया पडलं.

लोक पांगल्यावर नबीसाबने वाकून सायकलीच्या चाकाला बोट लावलं. बोटाला ओला चिखल लागला. माघात सोलापूर ते मोहोळ सडकेवर पाणी एकाच ठिकाणी असतं, हे घड्याळजीलाही ठाऊक होतं.

"मायाप्पा, इधर देख. खालनं आलास तू."

मायाप्पा सदऱ्याने तोंड पुसत राहिला.

"दीड मिनिट जातंय तितं. तू पन्नास सेकंदांनी हरलास. हिसाब कर की. मी अण्णाला सांगतो."

"काय सांगनार?"

"सांगतो की आज बी तूच पुढं होतास. पुन्हा एकदा दोघांना सोडा म्हनतो."

"पाय कुनी वळवलं, नबीसाब? श्रीमंतानं वळवलं का?"

"तसं न्हाय, पर…"

"माजंच पाय हाईत. त्यांचं मला ऐकाय पायजे." मग सदरा खाली सोडून तो म्हणाला, "तुमी सांगू नका. माजी आन हाय."

नबीसाब चिडला. तुझ्यासारखा येडा माणूस सगळ्या मुलखात नाही, असं म्हणून त्याने दोन्ही घड्याळं खिशात घातली. पण आण घातली होती. त्याने बोटाचा चिखल धोतराला पुसला आणि नंतर कधी कुणाला काही सांगितलं नाही.

मायाप्पाच्या एका खोलीच्या घरात सायकलीची जागा भिंतीकडेला होती. ती आत आल्यावर उरलेल्या जागेत केराबाईने संसार मांडला होता. नवरा हरला हे तिला विहिरीवरच कळलं होतं. पडलात का, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने ताट वाढलं. मग जुनं लुगडं फाडून फडकं दिलं आणि म्हणाली, "चिखलाची देऊ नगा. लोक म्हनतील बाईला येवढं बी कळत न्हाय."

सकाळी तो सायकल हातात धरून चालत दुकानात गेला. पेंटर आधीच शिडीवर चढला होता. रुद्रप्पाअण्णांनी मायाप्पाकडे न बघता सांगितलं की दुकानातलं काम आहेच, पंप आहे, पंक्चरं आहेत, तुला कोण जा म्हणतंय. मायाप्पा व्हय म्हणाला.

श्रीमंत हसू दाबत आला. आता हसणं बरं दिसत नाही एवढी त्याला समज होती, पण तोंड ऐकत नव्हतं. त्याने विचारलं, "मामा, मोहोळच्या रस्त्यावर जपायचं कुटं?"

मायाप्पाने सगळं सांगितलं. पाकणीला खडी बारीक, चाक सरकतं. सावळेश्वरापाशी कुत्री अंगावर येतात, पाय उचलायचे नाहीत. परतीला वारा कुठे तोंडावर येतो, कुठे सोडतो.

"आन वड्यापाशी?"

"तितं काय न्हाय," मायाप्पा म्हणाला. "सरळ जायचं."

मग त्याने श्रीमंतला सायकलीवर बसवून पाहिलं. पोराचे पाय लांब होते, गुडघे वर येत होते. उतर म्हणून त्याने पाना घेतला, सीटखालचा नट सैल केला आणि दांडी हळूहळू वर ओढली. अकरा वर्षं तिला कुणी हलवलं नव्हतं. बाकीच्या सायकलीला पोचे आले होते, रंग उडाला होता, हँडलचा निकेल घामाने खाल्ला होता. दांडीचा नळीत राहिलेला भाग तेवढा दोन बोटं बाहेर आला, कॅटलॉगातून आल्यासारखा, एक ओरखडा नसलेला.

मायाप्पाने तो अंगठ्याने पुसला, आणि नट आवळला.