सरळ केलेल्या रेघा

"वहिनी, फायलीच्या तारखेवर भरवसा ठेवू नकोस हं," नणंदेनं तिला बजावलं होतं. नणंद एका मोठ्या कचेरीत कागदपत्रं सांभाळायची. "शेवटचा हात कधी लागला, एवढंच तारीख सांगते. आतला मजकूर जुना की नवा, ते तिला काय कळतंय?"

"अगं, इथे काय तुझी कचेरी आहे? माणसं चार, त्यातलं एक तीन वर्षांचं," तिनं हसून उडवून लावलं.

त्या तीन वर्षांच्या माणसाला, म्हणजे तिच्या लेकीला, मधूनच झटके यायचे. औषधं चार, वेळा तीन. त्यांचा तक्ता तिच्या लॅपटॉपवर होता, नवऱ्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होता आणि सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यातही होता. त्या खोक्याला इंटरनेट जोडायला सासरे तयार नव्हते. "मला जगाशी काय बोलायचंय?" म्हणायचे. दर रविवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन बसायची. नवरा आपली प्रत मेलनं पाठवायचा. तिघांत ज्या फायलीची तारीख सगळ्यात अलीकडची, ती खरी. तीच बाकी दोन ठिकाणी जायची. दुपारचं औषध सासरेच द्यायचे, कारण ती दोघं तेव्हा कामावर.

त्या शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी फक्त दुपारचा डोस कमी केला. पोर दुपारी फार पेंगते, औषध अंगात साठत चाललंय, म्हणून पाचाचे तीन मिली. घरी येताच तिनं लॅपटॉपवर बदल केला आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, उद्या नवा तक्ता छापून लावते." आकडा काही तिनं तोंडानं सांगितला नाही. कागद सांगणारच होता की!

रविवारी तारखा पाहिल्या, तर सासऱ्यांची फाईल सगळ्यात ताजी, शनिवार संध्याकाळची. तिनं तीच सगळीकडे टाकली, कडेवर पोर घेऊन छापली आणि औषधांच्या फळीशेजारी चिकटवली. तक्ता छान सुटसुटीत दिसला, एवढंच तिच्या लक्षात आलं.

बुधवारी दुपारी ऑफिसात सासऱ्यांचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"सूनबाई, पोरगी भारी शहाणी झालीये गं. गोष्ट सांगावी लागत नाही. तीन दिवस झाले, घास तोंडात असतानाच झोपते."

ती खुर्चीतून उठली. "बाबा, दुपारचं किती देताय?"

"पाच. तक्त्यात आहे तेवढंच. का गं?"

"तिला उठवा. आत्ता. मी येतेय."

रिक्षातून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "श्वास नीट असेल, हाक मारल्यावर डोळे उघडत असेल, तर घाबरू नका, पण घेऊन या," त्या म्हणाल्या. घरी सासरे नातीला खांद्यावर टाकून येरझारा घालत होते आणि येत होती ती सगळी गाणी बेसूर म्हणत होते. पोर एक डोळा उघडून "आजोबा, गप," म्हणाली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यातून संध्याकाळी घरी आली ती पोर नाचतच. सासरे मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"उद्यापासून बाई ठेवा कुणीतरी. माझ्या हातून नको."

"बाबा, शनिवारी तुम्ही फाईल उघडली होती का?"

"उघडली होती. आकड्यांना हात नाही लावला, शपथ. उभ्या रेघा वाकड्या होत्या गं. तेवढ्या सरळ केल्या." सासऱ्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. वाकडी रेघ दिसली की त्यांना चैन पडायचं नाही.

म्हणजे जुन्याच तक्त्याला नवी तारीख लागली होती, आणि तिनं आतला एक आकडाही न वाचता तो तिन्हीकडे पसरवला होता. रडू आलं तिला. ती त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"चूक माझी आहे, बाबा. तुम्ही कागदाप्रमाणे वागलात. कागद मी दिला."

"पण पाजलं मीच ना?"

ती उठली, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणली आणि आकडे एकेक करून मोठ्यानं वाचू लागली. सासरे आधी नुसते ऐकत होते, मग पेन मागून नवा तक्ता स्वतःच लिहायला बसले. रेघा त्यांनी पट्टीनं मारल्या. शेवटी तिनं त्यांना सगळं परत वाचायला लावलं. कॉम्प्युटरवरच्या तिन्ही प्रती तिनं आणि नवऱ्यानं पुसूनच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "तीन. बरोबर?"

"बरोबर, बाबा."

"मग देतो," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. औषध पोटात जाईपर्यंत तिनंही फोन कानापासून दूर केला नाही.

तुमच्याही घरी कुणीतरी थकलेलं माणूस आत्ता, भरदुपारी, एकटंच औषधांच्या फळीसमोर उभं असेल. तुम्ही छापून दिलेला कागद वाचत असेल. त्यांना एक फोन करा. कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा, आणि घाईनं ठेवू नका. त्यांना काही विचारायचं असेल.